वाचकांचे प्रश्न : ज्ञानेश्वरी हाताने लिहिताना

मागच्या अंकात एका वाचकांना उत्तर देताना मी लिहिलं होतं, ‘ओवी दोनदा वाचूनही कळली नाही तर ती लिहून काढा.’ त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. माझी नोकरी जुन्या हस्तलिखितांची सूची करण्यात गेली आणि घरात वारकरी वळण, त्यामुळे हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे. सगळ्या पत्रांना इथे उत्तर देणं शक्य नाही. एकाच्या उत्तराने अनेकांची शंका मिटेल अशी पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, मी साठीची गृहिणी, इचलकरंजीला राहते. शाळा सातवीपर्यंत झाली. ज्ञानेश्वरी स्वतःच्या हाताने लिहून काढावी असं फार दिवस मनात आहे. मुलगा म्हणतो, छापील पोथी बाजारात मिळते, मोबाइलवर तर फुकट आहे, मग हात कशाला दुखवून घेतेस? नुसतं उतरवून काढून खरंच काही पदरात पडतं का?

मुलाचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. पोथी मिळावी म्हणून आज कुणाला लिहीत बसावं लागत नाही. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली. तोपर्यंत, म्हणजे साडेपाचशे वर्षं, ती ज्यांच्याकडे पोचली त्यांच्याकडे कुणाच्या तरी हातून लिहूनच पोचली. नेवाशाला माउलींनी गीतेची टीका सांगितली आणि ती उतरवून घेतली सच्चिदानंदबाबांनी. ग्रंथाच्या अखेरीला त्यांचं नाव आहे :

शके बाराशतें बारोत्तरें ।
तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें ।
लेखकु जाहला ॥

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. सांगणाऱ्याच्या शेजारी लिहिणाऱ्याला जागा मिळाली आहे आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काय, तर ‘आदरें’. मुलाला हे जरूर सांगा. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा आहे : आता गरज संपली, मग कशासाठी?

माझं उत्तर असं, की वाचण्यासाठी. सात दिवसांचं पारायण करताना दिवसाला साधारण तेराशे ओव्या होतात. जीभ सराईत असते, ती पुढे पळते आणि मन मागे कुठेतरी घरच्या कामात राहतं. ज्यांनी पारायणं केली आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. हाताला तसं पळता येत नाही. ‘प्र’ काढल्याशिवाय पहिल्या ओवीतलं ‘प्रतिपाद्या’ पूर्ण होत नाही.

सहाव्या अध्यायातलं एक उदाहरण घ्या. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’ ही ओवी आपल्याकडे प्रत्येक भाषणात येते, फलकांवर असते, मराठी भाषा दिनाला तर हमखास. ती म्हणून झाली की आपण टाळ्या वाजवून थांबतो. लिहिणाऱ्याला मात्र थांबता येत नाही, त्याच्या समोर पुढची ओळ असते. दोन ओव्यांनंतर हाताखाली हे येतं :

ऐका रसाळपणाचिया लोभा ।
कीं श्रवणींचि होती जिभा ।
बोले इंद्रियां लागे कळंभा ।
एकमेकां ॥

शब्दांच्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांचं आपापसात भांडण लागतं! पुढे तर जीभ म्हणते, हा रस माझा, आणि नाक म्हणतं, हा सुगंध माझा. ‘पैजां जिंके’ हा नुसता अभिमानाचा उद्गार नव्हता. ती पैज कशी जिंकली जाते हे माउली पुढच्या ओव्यांत दाखवून देतात. कितीतरी जणांना पहिली ओवी तोंडपाठ आहे आणि हे भांडण ठाऊक नाही. लिहायला बसलेल्याला ते चुकत नाही. तुम्ही ‘पदरात’ म्हणालात ना, हे पडतं पदरात.

सातवीपर्यंतच्या शाळेची काळजी सोडून द्या. बाळबोध अक्षर ओळखता येतं, एवढं पुरे. अर्थ सगळा कळलाच पाहिजे असंही नाही. ओवी लिहिली, खाली सार्थ पोथीतला अर्थ वाचला, पुढची घेतली, असं चालू द्या.

एक मात्र ऐका. पहिल्याच दिवशी संपूर्ण ग्रंथाचा संकल्प करू नका. ओव्या नऊ हजारांवर आहेत. रोज दहा लिहिल्या तरी अडीच वर्षं लागतात. घरात लग्नकार्य निघतं, आजारपण येतं, आणि अर्ध्यावर राहिलेला संकल्प मनाला उगाच टोचत राहतो. बाराव्या अध्यायाने सुरुवात करा. भक्तियोग आहे, अडीचशेच्या आत ओव्या आहेत, महिनाभरात होतो. पाचवा त्याहून लहान आहे, पण नव्या माणसाने बारावाच घ्यावा असं मला वाटतं. तो झाल्यावर हात स्वतःच पुढचा अध्याय मागेल.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, पुण्यात असतो. नववा अध्याय लिहिताना एक संपूर्ण ओवी गाळली गेली, हे पुष्कळ पुढे गेल्यावर लक्षात आलं. पानं फाडून पुन्हा लिहू का? दोष लागतो असं एकांनी सांगितलं, तेव्हापासून लेखन थांबलं आहे.

कृपा करून पानं फाडू नका, आणि लेखन आजच सुरू करा.

ओवी कशी गळते ते आधी सांगते. दोन जवळच्या ओव्यांचे चरण एकाच शब्दावर संपत असतील, तर छापील पानावरून वहीकडे आणि वहीवरून परत पानाकडे जाताना डोळा खालच्या ओवीवर उतरतो. मन म्हणतं, हा शब्द झाला लिहून. जुन्या पोथ्यांत हे जागोजाग दिसतं, चांगल्या चांगल्या लेखकांच्या हातून झालेलं. त्यांनी पानं फाडली नाहीत. कागद महाग होता हे एक कारण, पण त्यांच्याकडे दुरुस्तीची रीतही होती. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा, तो वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचं. गळलेल्या मजकुराच्या जागी ओळीत काकपदाची, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी, खूण करायची, तशीच खूण समासात करून तिथे राहिलेला मजकूर भरायचा. तुम्हीही तेच करा. समासात बारीक, स्वच्छ अक्षरात ओवी लिहा आणि खूण करा. (हरताळात आर्सेनिक असतं, तो विषारी आहे, घरी आणू नका. चुकलेल्या अक्षरावर एक सरळ रेघ पुरे.)

दोषाविषयी. पोथ्यांच्या शेवटी एक श्लोक पुन्हापुन्हा भेटतो :

यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया ।
यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥

समोरचं पुस्तक जसं दिसलं तसं लिहिलं. शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. मानेचा आणि पाठीचा काटा ढिला होईपर्यंत लिहिणाऱ्याने एवढं मागावं, हे मी समजू शकते. तरी माझं मन या श्लोकाशी थांबत नाही. ते जातं पैठणला, एकनाथ महाराजांकडे. त्यांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते. ‘मला दिसलं तसं लिहिलं’ असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी प्रत शोधून शुद्ध केली आणि लिहिलं :

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध ।
परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।
तो शोधूनियां एवंविध ।
प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥

स्वतः एवढा मोठा कवी, एकनाथी भागवताचा कर्ता. पण या कामात त्यांनी स्वतःची एक ओवी घुसवली नाही. उलट जो कुणी घुसवील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा, असं बजावून ठेवलं. माझ्या मते लेखनसाधनेचा गाभा इथे आहे. आपलं काही न घालता, दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा पुढे देणं, आणि त्यासाठी तो तपासणं. लिहिणं अर्धं झालं, तपासणं उरलं आहे, असंच धरा.

तपासणी एकट्याने करू नये. आपलीच चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. घरातल्या कुणालाही छापील पोथी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही वहीतल्या अक्षराखाली बोट धरून चला. नातवंडं असतील तर फार उत्तम. अध्याय संपला की लगेच तपासा, साठवून ठेवू नका.

आणखी दोन गोष्टी. शेवटपर्यंत एकच छापील प्रत वापरा. साखरे महाराजांची, सोनोपंत दांडेकरांची, राजवाड्यांची, यांच्या पाठांत फरक आहेत. आज एक, उद्या दुसरी असं केलं तर तपासताना गोंधळ उडतो. आणि अनुस्वार गाळू नका. तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन पत्रांत हाच प्रश्न आहे, ‘हे जुने अनुस्वार आता कोण लिहितं?’ पसायदानात ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ असं आहे. या वाग्यज्ञाने संतुष्ट व्हावं, यातला ‘ने’ त्या टिंबात आहे. टिंब गेलं की अर्थाचा सांधा निखळतो.

प्रश्न : नाशिकहून लिहिते. शाळेत मराठी शिकवते. कागद, शाई, पेन कोणतं वापरावं? काही जण बोरूनेच लिहावं म्हणतात.

हे विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. या विषयावर समर्थांनी एक अख्खा समास खर्च केला आहे. दासबोध, एकोणिसावा दशक, पहिला समास, लेखनक्रिया निरूपण. शिक्षकांनी तर तो वर्गात वाचून दाखवावा.

वाटोळें सरळें मोकळें ।
वोतलें मसीचें काळें ।
कुळकुळीत वोळी चालिल्या ढाळें ।
मुक्तमाळा जैशा ॥

पुढे ते कागदाची पारख सांगतात, पान शिशाने आखून घ्यायला सांगतात, ओळीतलं अंतर कुठे जास्त कुठे कमी होऊ नये म्हणतात, वेगवेगळ्या प्रांतांतले बोरू जमवायला लावतात, पोथीसाठी मेणकापड, पेटी आणि कुलूपही आठवणीने सांगतात. हा उपदेश कोरडा नाही. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं वाल्मीकिरामायण आहे. दासबोध त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी लिहून घेतला. लिहिणाऱ्यांच्या घराण्यातली ही सूचना आहे.

त्यातली एक ओवी मी प्रत्येक नव्या लेखकाला देते :

बहु बारिक तरुणपणीं ।
कामा नये म्हातारपणीं ।
मध्यस्त लिहिण्याची करणी ।
केली पाहिजे ॥

आज तुमची दृष्टी चांगली आहे म्हणून बारीक लिहू नका. ही वही तुम्हीच वीस वर्षांनी वाचणार आहात. चारी बाजूंनी समासही भरपूर सोडा. पोथीच्या कडा आधी झिजतात, झडतात. ‘कागद झडतांहि झडावें नलगेचि अक्षर’ असं समर्थ म्हणतात ते त्यासाठीच.

आता आजचं. साध्या वहीचा कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि दुमडला की तुटतो. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात आम्लमुक्त कागद मागा, किंवा जाड हातकागद घ्या. शाई पिगमेंटची, पाण्याने न फुटणारी हवी. नेहमीच्या शाईपेनाची बहुतेक निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते आणि उजेडात विटते. जेल पेनांत काही टिकाऊ असतात, काही नसतात, तेव्हा घेण्याआधी कागदावर दोन ओळी लिहून, वाळवून, त्यावर पाणी टाकून पाहा. जुनी मसी काजळी आणि डिंकाची असे. तिचा काळा रंग शेकडो वर्षांनी आजही तसाच आहे. मला मात्र तिच्यातली आणखी एक गोष्ट आवडते. बोरू शाईत बुडवला की पहिली दोन-तीन अक्षरं गडद येतात, मग हळूहळू फिकट होत जातात, आणि दहा-बारा अक्षरांनी एकदम पुन्हा गडद. पोथीचं पान तिरप्या उजेडात धरलं की लेखकाने कुठे कुठे बोरू बुडवला ते मोजता येतं. कधी एखादी ओवी पूर्ण होईपर्यंत तो तसाच कोरडा बोरू ओढत गेलेला असतो. मधे थांबायचं जिवावर आलेलं असतं त्याच्या! असं पान समोर आलं की माझं सूचीचं काम थोडा वेळ थांबायचं.

बोरूचा आग्रह मात्र मी धरणार नाही. हौस असेल तर शिका, अक्षराला सुंदर वळण लागतं. पण बोरू तासण्यात आणि शाईचे डाग पुसण्यात सकाळ गेली आणि ओव्या दोनच झाल्या, तर ज्यासाठी बसलात ते राहून गेलं.

प्रश्न : सून विचारते, पाळीच्या दिवसांत लेखनात खंड पाडायचा का? आमच्याकडे मतभेद आहेत.

पाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हात स्वच्छ धुवावेत, वही स्वच्छ जागी ठेवावी. ज्या संप्रदायात जनाबाईंनी दळणकांडण करताना देवाला शेजारी बसवून घेतलं, त्या संप्रदायाच्या ग्रंथाला सुनेच्या हाताचा विटाळ होत नाही. एखाद्या ग्रंथाच्या अनुष्ठानासाठी तुमच्या गुरूंनी काही नियम दिले असतील, तर त्याबद्दल त्यांच्याशीच बोला. ज्ञानेश्वरीसाठी सुनेला अडवू नका.

प्रश्न : सासूबाई गेल्या. त्यांनी आयुष्यभर रामनाम लिहिलेल्या वह्या दोन ट्रंका भरून आहेत. नदीत विसर्जन करावं का?

नदीत नको. शाई आणि कागद पाण्यात जातात, आणि वह्या पुढच्या घाटाला काठावर लागून पायदळी येतात. रामनामाच्या वह्या मंदिराच्या पायात किंवा स्तंभात ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. जवळपास कुठे बांधकाम किंवा जीर्णोद्धार चालू असेल तर चौकशी करा. त्याआधी ट्रंका एकदा उघडून बघा. पहिली वही आणि शेवटची वही घरी ठेवा. सुरुवातीचं अक्षर आणि शेवटचं थरथरतं अक्षर मुलांना बघायला मिळू द्या. जप लिहिणाऱ्या बायका वहीच्या आतल्या पानावर कधी तारीख, कधी नातवाचं बारसं, कधी पावसाची नोंद करून ठेवतात. तसं काही असेल तर तेही जपा.

प्रश्न : मी मुंबईत आयटीत आहे. टॅबलेटवर स्टायलसने ओव्या लिहिल्या तर चालतील का? लोकलमध्ये तेवढाच वेळ मिळतो.

चालतील. हाताची गती तीच राहते आणि डोळाही तसाच अक्षरावरून जातो. फक्त आपोआप शब्द सुधारणारी सोय बंद ठेवा. ती ‘जाहला’चं ‘झाला’ करून टाकेल. सुट्टीच्या दिवशी त्यातल्या चार ओव्या कागदावर उतरवा.

प्रश्न : आम्ही अमरावती जिल्ह्यातले, घराणं महानुभाव. पणजोबांच्या वेळची हाताने लिहिलेली एक पोथी देव्हाऱ्यात आहे. अक्षर देवनागरीसारखं दिसतं, पण वाचता येत नाही. मोडीही नाही. ती नव्याने लिहून काढावी असं वडिलांच्या मनात आहे.

न पाहता खात्रीने सांगता येणार नाही, पण तुमच्या वर्णनावरून ती सकळ लिपीतली असावी. महानुभावांनी आपले ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून सांकेतिक लिप्या वापरल्या, त्यांत सकळ लिपी सर्वांत जास्त चालली. अक्षरं नागरीचीच, पण त्यांची अदलाबदल ठरलेली. त्यामुळे ओळखीचं वाटतं आणि वाचता येत नाही. किल्ली माहीत असलेले महंत आणि अभ्यासक आजही आहेत. रिद्धपूर तुम्हाला जवळ आहे. तिथल्या एखाद्या मठात पोथीच्या दोन-तीन पानांची छायाचित्रं घेऊन जा. मूळ पोथी घेऊन एसटीत बसू नका.

तुमच्या वडिलांची इच्छा फार मोलाची आहे, आणि ती तुमच्या पंथाला धरूनही आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी रिद्धपुराला त्यांच्या लीळा गोळा केल्या, तेव्हा ज्याने जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे स्वतः जाऊन विचारलं, ताडून पाहिलं आणि मग लिहिलं. तेच धोरण ठेवा. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, दुसऱ्या जाणकाराकडून ते ताडून घ्या, आणि मग वडिलांना नव्या कागदावर लिहायला द्या. शेवटच्या पानावर मूळ लेखकाचं नाव, गाव, शक असेल तर तो नक्की उतरवा. त्याच्याखाली वडिलांचं नाव, गाव आणि तारीख येऊ द्या.

तोवर पोथीला धूप-उदबत्तीपासून आणि तेलाच्या दिव्यापासून लांब ठेवा. देव्हाऱ्यातल्या पोथ्यांना सर्वांत जास्त अपाय तेलाच्या डागांनी झालेला मी पाहिला आहे. हळद-कुंकू पानांवर वाहू नका, बासनावर, म्हणजे पोथी गुंडाळायच्या कापडावर, वाहा. बासन धुतलेल्या सुती कापडाचं असावं, प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट होऊन बुरशी येते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. छायाचित्रं दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय घ्या. पानं मागेपुढे झाल्यासारखी वाटली तरी क्रम तुम्ही लावू नका, आज आहेत त्याच क्रमाने राहू द्या. तो क्रम लिपी वाचणाऱ्यानेच लावावा.